दोन दिवसांचं वारं

अव्वा,

काही महिन्यांपूर्वी मोहोळच्या पलीकडच्या एका गावात तुझा फोटो दाखवला. शाळेचा वर्ग होता. खिडक्यांना पोती लावून अंधार केला होता, सतरंजीवर पंचवीस-तीस बायका बसल्या होत्या आणि पडदा म्हणून ताणलेल्या धोतरावर तू उभी होतीस. डोक्यावर कागदी टोपी, लुगड्यावर पांढरा एप्रन, हातात पाकीट. कितीतरी वर्षं मी तुला अशी गावोगाव नेते आहे. केमला नेलं, अक्कलकोटकडे नेलं, जिवंतपणी फिरली नसशील इतकी तू फिरलीस. फोटोखालची ओळ माझीच आहे, ‘चुलीपासून उद्योगापर्यंत’. तू माझी आई आहेस हे मी कुठेच सांगत नाही. ‘मंद्रूपच्या एक ताई’ म्हणते आणि पुढच्या चित्राकडे जाते. अव्वा हा शब्दही आज किती दिवसांनी लिहिते आहे. सोलापूरला कॉलेजात गेल्यावर मी चारचौघांत तुला आई म्हणायला लागले होते, आणि तशी हाक मारली की तू वळायची नाहीस. दुसऱ्या कुणाला तरी हाक मारली असेल असं तुला वाटायचं.

आपल्या घरात भाकरीच्या दोन जाती होत्या. तू चुलीपुढे बसली आहेस, अजून उजाडलेलं नाही. उकळत्या पाण्यात ज्वारीचं पीठ मळतेस, भाकरी इतकी पातळ थापतेस की उचलताना फाटेल असं मला दर वेळी वाटतं आणि ती कधीच फाटत नाही. तव्यावरून उतरली की ती चुलीच्या कडेला उभी राहते, तिथून दुरडीत जाते, आणि दुरडीवर सुती धडपा टाकून तू ती दोन दिवस पडवीत ठेवतेस. त्या दोन दिवसांत तिला कुणी हात लावायचा नाही. ‘वारं लागू दे,’ एवढंच तू म्हणतेस. तिसऱ्या दिवशी सकाळी तू एकेक भाकरी कानाजवळ धरतेस आणि नखाने ठोकतेस. पूर्ण वाळलेली भाकरी टण्ण वाजते. आत कुठे ओल राहिली असेल तर आवाज दबका येतो. पहिली बोलती, दुसरी मुकी. बोलती बाजाराला जायची, मुकी घरात राहायची. अप्पा आणि मी जन्मभर मुक्या भाकरी आमटीत कुस्करून खाल्ल्या. सोलापूरची कडक भाकरी म्हणून लोक जिचं कौतुक करतात ती आपल्या घरात कुणी खाल्ली नाही. मी एकदा मागितली होती.

‘एक बोलती दे की.’

‘ती लोकांची हाय.’

‘मग आपण लोक न्हाय व्हय?’

‘आपून करणारे,’ तू म्हणालीस, आणि मुक्या भाकरीवर तेल आणि शेंगाची चटणी घालून दिलीस. चटणी नेहमीपेक्षा जास्त होती. तेवढीच तुझी सवलत.

दहाव्या वर्षी मला निवडायला बसवलंस. मला ते पटकन जमलं, कारण त्यात जमण्यासारखं काही नसतं, आवाज येतो किंवा येत नाही. एकदा मी एक मुकी भाकरी बाजाराच्या दुरडीत घातली. चुकून नाही. ती फार गोल झाली होती, कडा कुठेही चिरलेली नव्हती, घरात ठेवायला जिवावर आलं. तू वरून चार भाकरी काढल्यास आणि नेमकी तीच पाचवी उचलून ठोकलीस. ‘दिसायला चांगली हाय म्हनून घातलीस व्हय? गिऱ्हाईक डोळ्यानं खातंय का?’ मारलं नाहीस. त्या दिवशी बाजारात शेजारी बसवलंस आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर भाकरीचा नमुना माझ्याकडून ठेववून घेतलास. ती तुझी रीत होती. विकण्याआधी एक भाकरी गिऱ्हाइकाच्या कानाशी वाजवायची, मोडायची, अर्धी त्याला द्यायची, अर्धी पुढच्याला. ‘आदी ऐक, मग घे.’ मंद्रूपच्या बाजारतळावर कडुनिंबाखाली तुझी जागा होती. एका बाजूला मोकळी वाट, दुसऱ्या बाजूला बांगड्यांची पेटी उघडून बसलेला तो म्हातारा भाई, ज्याच्या बांगड्यांपेक्षा त्याचं बोलणं जास्त खपायचं. तू त्याला सांगत होतीस, हिचा कान माझ्यापरीस बरा हाय. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. ‘फिर तो डाक्टर बनाव उसे. लोगां की छाती ठोकके बोलेगी, ये बोलती हाय, ये मुकी हाय.’ तू इतकी हसलीस की डोळ्याला पदर लावावा लागला. तुला तशी हसताना मी नंतर पाहिली नाही.

मी डॉक्टर झाले नाही. मराठी साहित्य घेऊन एम.ए. झाले आणि सोलापुरात एका संस्थेत लागले, गावातल्या बायकांचे छोटे धंदे उभे करून देणारी. प्रशिक्षण, पाकिटं, प्रदर्शनं, आणि वर्षाच्या शेवटी यशोगाथा. मला ठेवलं ते यशोगाथा लिहायला. लिहायला आधी यश लागतं, आणि पहिल्या वर्षी माझ्याकडे ते नव्हतं. मला तू सुचलीस. तुझं काहीही अडलेलं नव्हतं. बाजारात आणलेल्या भाकरी दुपारच्या आत संपत होत्या, गिऱ्हाईक बांधलेलं होतं, तुला एवढंच करायचं होतं आणि तेवढंच येत होतं. मी त्याला ‘मर्यादित बाजारपेठ’ असं नाव दिलं. आठवडाभर मी रोज संध्याकाळच्या गाडीने मंद्रूपला येऊन तुला समजावत होते. शेवटी तू म्हणालीस, ‘तुझ्या नोकरीचं काम हाय व्हय ह्ये?’ मी हो म्हटलं. ‘मग तसं सांग की. करू.’ शेजारच्या सहा बायका घेतल्या, गट झाला, पाकिटं छापली, त्यांवर गावाचं नाव आणि तुझं नाव. पाकिटाचं तोंड गरम पट्टीत दाबून बंद करायचं एक यंत्र आलं. ते यंत्र तुला आवडलं नाही. ‘ह्याच्यात वारं कुठनं जायाचं?’ म्हणालीस. वारं जाऊ नये म्हणूनच ते आहे, असं मी सांगितलं.

फोटो काढला तो दिवस चांगला होता. उन्हाळा होता, पहिल्या वीस पाकिटांतल्या भाकरी तू स्वतः ठोकून घेतल्या होत्यास. टोपी हातात घेऊन तू उलटसुलट बघितलीस.

‘ह्यो कागूद डोक्याला कशाला?’

‘केस पडू नयेत म्हणून.’

‘तीस वर्सांत कुणाच्या भाकरीत केस गावला? पदर कशाला असतोय मग?’

मागच्या बायका हसल्या आणि तेवढ्यात फोटो निघाला. म्हणून फोटोत त्या सगळ्या हसताहेत आणि तू हसत नाहीस. प्रशिक्षणात मी सांगते, ताईंच्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास बघा.

मग पुण्याचं प्रदर्शन आलं. दोनशे पाकिटं मी लिहून दिली, तुला न विचारता. आषाढ होता. पाऊस नव्हता, पण आभाळ उतरून बसलं होतं, धुणंसुद्धा दोन-दोन दिवस ओलं राहत होतं. तुम्ही सातजणी तीन दिवस चुलीपुढून उठला नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी गाडी यायची होती आणि निम्म्या भाकरी आदल्या दिवशी थापलेल्या होत्या.

‘ह्या न्हाय जायच्या,’ तू म्हणालीस. ‘दोन दिस वारं लागू दे. वाळल्यात तेवढ्याच ने.’

‘अव्वा, दोनशे लिहून दिलीत.’

‘मग लिवलेलं खोड.’

तुझ्यासाठी ते एवढं सोपं होतं. जेवण झाल्यावर तू पडवीतल्या भिंतीला टेकलीस आणि बसल्या जागी झोपलीस. तोंड थोडं उघडं होतं, हाताला पीठ तसंच होतं. मी दोन बायकांना घेऊन उरलेली पाकिटं भरायला बसले. त्या म्हणाल्या, म्हातारीला उठवू का? मी म्हटलं, झोपू दे, दमली आहे. गाडी पाच वाजता गेली. तू जागी झालीस तेव्हा पडवीतल्या दुरड्या रिकाम्या होत्या. तू त्या एकात एक घालून कोपऱ्यात ठेवल्यास.

आठवड्याने पाकिटं परत आली. आतून बाष्प धरलेलं, भाकरीच्या कडांवर हिरवट ठिपके. तू एक पाकीट फोडलंस, वास घेतलास आणि खाली ठेवलंस. मग विचारलंस, ‘ठोकून बघितलीस?’ मी म्हणाले, नाही, घाईत राहून गेलं. तू ते पाकीट उचलून परत दुमडलंस. मग ‘बरं’ म्हणालीस. संध्याकाळी गटातल्या बायका आल्या. पुण्यात कामाला असलेल्या गावातल्याच कुणी तरी गावाचं नाव बघून पाकीट घेतलं होतं, आणि ती बातमी पाकिटांच्या आधी घरी पोचली होती. एक बाई चिडून बोलली, ‘गावाचं नाव घालवलं की तुमच्या लेकीनं.’ तू चुलीपुढून मान वर न करता म्हणालीस, ‘पोरीला काय कळतंय त्यातलं. तिला कान न्हाय.’ माझा कान कसा आहे हे सगळ्या बाजारतळाला तूच सांगितलं होतंस. तू खोटं बोलत होतीस, मला ते कळलं, आणि मी ते घेतलं. आतून सुटल्यासारखं वाटलं. ते वाटणं मी विसरलेले नाही.

पुढच्या बाजाराला मी तुझ्याबरोबर आले होते. कुणी भांडलं नाही, कुणी विचारलंसुद्धा नाही. नेहमीची गिऱ्हाइकं आली. तू भाकरी वाजवलीस, मोडलीस, अर्धी पुढे केलीस. त्यांनी ती हातात घेतली आणि खाण्याआधी नाकाशी नेली. एकाने, मग दुसऱ्याने, मग एका लहान मुलीने, आईचं बघून. एका आजीला तेवढं म्हणालीस, ‘माजाच अंदाज चुकला, आक्का.’ असे तीन बाजार तू काढलेस आणि चौथ्याला गेली नाहीस. आठवडी बाजारात जागा बसेल त्याची असते. तुझ्या जागेवर बांगड्यांवाल्या भाईने आपली दुसरी पेटी ठेवली आणि कुणी विचारलं की सांगत राहिला, ये जागा भरेली हाय. किती आठवडे ते मी मोजले नाहीत. मग एक दिवस तो घरी आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

‘बाई, और कितने बाजार पेटी बिठाऊं?’

‘उचला, भाई,’ तू म्हणालीस.

त्याने चहा घेतला नाही. त्यानंतर तू दुसऱ्यांच्या शेतात कांदा काटायला जायला लागलीस. घरात मऊ भाकरी करायचीस, त्या त्या वेळची. पाच वर्षांनी तू गेलीस तेव्हापर्यंत घरात एकही भाकरी वाळवली गेली नाही.

यशोगाथा मी लिहिली. संस्थेने मागितली होती आणि माझ्याकडे फोटो होता. साहित्य शिकताना एक गोष्ट नीट कळली होती, कथा कुठे थांबवतो त्यावरून ती कशाची कथा आहे हे ठरतं. मी ती फोटोच्या दिवशी थांबवली. तिच्यात एकही वाक्य खोटं नाही. ती वाचून साहेब म्हणाले, तुमच्या लिखाणात एक संयम आहे. त्या संयमावर मी आज इथवर आले. खोली आहे, हाताखाली तिघं आहेत. मधल्या वर्षांत काही धंदे खरंच उभे राहिले, तेही सांगायला हवं. बहुतेक अशा बायकांचे, ज्यांनी माझं निम्मंच ऐकलं.

मोहोळकडच्या त्या वर्गात तुझा फोटो पुढे सरकवणार, तेवढ्यात मागून एक बाई बोलली. चाळिशीची असेल, आवाज मोठा. ‘थांबा की वो ताई. ह्यास्नी मी वळकते.’ सगळ्या मागे वळल्या. ‘माजं म्हायेर मंद्रूपच्या अलीकडं. बाजारात निंबाखाली बसायच्या ह्या. भाकरी कानाला लावून वाजवायच्या आन अर्धी हातावर ठेवायच्या. आमची आय म्हनायची, चल, बोलती भाकरी खायाला. त्यांचं बघूनच मी करते की.’ मग तिने सरळ विचारलं, ‘बंद का केलं वो त्यांनी?’

मी म्हणाले, ‘वय झालं होतं.’

‘व्हय?’ ती म्हणाली. ‘लई म्हाताऱ्या न्हवत्या की.’

मी पुढचं चित्र लावलं.

ती तिच्या गावात कडक भाकरी करते. आम्ही तिचा गट केला, थापायचं यंत्र दिलं, गरम हवेवर वाळवायचं कपाट दिलं. प्रदर्शनाची मागणी मिळवून दिली. ती पुरी केली तर संस्थेच्या कायमच्या यादीत नाव, मग दर प्रदर्शनाला जागा. परवा गाडी घेऊन मीच गेले. रात्रभर तिकडे वीज नव्हती, कपाट बंद, बाहेर पुन्हा तसंच आभाळ. पाकिटं उघडी मांडून ठेवली होती, यंत्राच्या भाकरी, सगळ्या सारख्या गोल, त्या माझ्या गोल भाकरीसारख्या. तिने एक उचलून माझ्या हातात दिली. ‘ताई, बघा बरं कशी झालीया.’ हात आपोआप कानाकडे गेला, अव्वा. मी ठोकली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

‘बोलली का?’

‘मला त्यातलं काही कळत नाही,’ मी म्हणाले.

तिने माझ्या हातातून भाकरी घेतली, स्वतःच्या कानाशी धरली, एकदा मध्ये ठोकली, एकदा कडेला. दुसरी घेतली, तिसरी घेतली. ‘न्हाय ताई. ह्या न्हाय जायच्या.’

‘गाडी उभी आहे.’

‘जाऊ द्या की मग.’

‘यादीतून नाव जाईल तुमचं. पुन्हा लागणार नाही.’

‘यादीतलं जाऊ द्या. पाकिटावर बी हाय की माजं नाव.’ ती पाकिटांतून भाकरी परत काढायला लागली होती. बाकीच्या बायका आधी कुरकुरल्या, एक म्हणाली, एवढं केलं ते काय कोंबड्यांला घालायचं? मग त्याही बसल्या. ड्रायव्हरने आत डोकावून विचारलं, ‘मॅडम, रिकामीच न्यायची का?’ मला म्हणता आलं असतं, दोन दिवस थांबू, मी ऑफिसात बोलते. एवढं बोलायला तर मी तिथे नोकरीला आहे. मी गाडीत बसले. निघताना तिने कागदात गुंडाळून चार-पाच भाकरी माझ्या मांडीवर ठेवल्या. ‘घरी खावा. आमटीत चांगल्या लागत्यात.’

काल अहवाल लिहिला. मागणी पुरी न होण्याचं कारण लिहायला अर्धी ओळ जागा असते. मी लिहिलं, ‘गटाची क्षमता अपुरी.’ दुपारी यादी आली, तिचं नाव नव्हतं. खोटं त्यातही काही नाही.

आज सुट्टी आहे. आमटी केली आणि त्या भाकरी कुस्करून खाल्ल्या. यंत्राच्या असल्या तरी चव ओळखीची आहे. हे संस्थेच्या जुन्या छापील कागदांच्या पाठीवर लिहिते आहे, ज्यांच्या दुसऱ्या बाजूला तुझी यशोगाथा आहे. मंद्रूपच्या घराला आता दुसऱ्यांचं कुलूप आहे, आणि कडुनिंबाखाली कोण बसतं मला माहीत नाही, मी बाजाराच्या दिवशी त्या रस्त्याने जात नाही. कागद परत गठ्ठ्यात ठेवीन. पुढच्या प्रशिक्षणात तुझा फोटो असेल.

एक राहिलं. ठोकून बघितलीस का, असं तू विचारलंस आणि मी नाही म्हणाले. एक बघितली होती. पहिलीच. तू भिंतीला टेकून झोपली होतीस. मी ती कानाशी धरली आणि ठोकली. ती मुकी निघाली. म्हणून बाकीच्या ठोकल्या नाहीत.